टण्ण घंटा, भुर्रर्र ड्रोन!

ठरलेला वार, ठरलेली वेळ, ठरलेला हॉल. पंचवीस-तीस माणसं जमतात. घंटा वाजते, हसत-खेळत एकमेकांच्या खिशाला कात्री लागते, पाहुणे बोलतात, टाळ्या पडतात आणि मग मंडळी चहा-पोह्यांवर तुटून पडतात. ओळखलंत ना? हीच ती रोटरी-लायन्सवाल्यांची फेमस वीकली मीटिंग!

आता या मीटिंगला प्रमुख पाहुणा म्हणून चक्क ड्रोनला बोलावलं तर? आणि ती भरवली मेढ्यात तर? आज आपण तेच करतोय. मीटिंग कागदावरची, पण फॅक्ट्स शंभर नंबरी. मोबाईल सायलेंटवर टाका, खुर्ची पुढे ओढा. स्टार्ट!

मेढाच का, भाऊ?

कारण मेढा म्हणजे जावळी तालुक्याचं मुख्य ठिकाण. शेजारून वेण्णा वाहते. केळघरचा घाट चढलात की महाबळेश्वर, खाली उतरलात की कण्हेर धरण आणि पुढे सातारा. नदी, घाट, जंगल, धरण, देवीची यात्रा आणि उसातला बिबट्या. पब्लिक सेफ्टी ड्रोनचा अख्खा सिलॅबस या एका पट्ट्यात आहे!

आणखी एक गंमत. बायकांनी मतदान करून दारूची दुकानं बंद पाडली, ‘बाटली आडवी केली’, ही जावळी तालुक्याची राज्यभर ओळख. तेव्हा आजच्या मीटिंगचा टोस्ट चहाचाच. चिअर्स!

अजेंडा नंबर १: हजेरी

माहीत आहे का, जगातल्या पहिल्या सर्व्हिस क्लबच्या पहिल्या मीटिंगला किती माणसं होती? फक्त चार! तारीख २३ फेब्रुवारी १९०५, वार गुरुवार, गाव शिकागो, खोली नंबर ७११. एक वकील, एक कोळशाचा व्यापारी, एक खाण इंजिनिअर आणि एक कपडे शिवणारा. वकिलाचं नाव पॉल हॅरिस. आपल्याकडे एवढ्या माणसांत कॅरमचा डाव बसतो, यांनी रोटरी बसवली!

‘रोटरी’ हे नाव तरी कुठून आलं? सुरुवातीला मीटिंगला हॉलच नव्हता. आज तुझ्या ऑफिसात, पुढच्या वेळी माझ्या, असं आळीपाळीने जमायचं. हे रोटेशन म्हणून ‘रोटरी’. थोडक्यात, आपली भिशी!

सुरुवातीला नियम असा की एका धंद्यातला एकच माणूस घ्यायचा. एक डॉक्टर, एक किराणावाला, एक शिंपी. मीटिंगमध्ये धंद्यावरून भांडण नको, हा हेतू. दोन बिल्डर एका टेबलावर नाहीत, म्हणजे अर्धी शांतता आपोआप!

गैरहजर? मग ‘मेकअप’ करा!

दचकू नका, पावडर-लिपस्टिकचा संबंध नाही. आपल्या क्लबची मीटिंग चुकली तर दुसऱ्या कुठल्याही क्लबच्या मीटिंगला बसून हजेरी भरून काढायची, याला रोटरीत ‘मेकअप’ म्हणतात. साताऱ्याची मीटिंग हुकली? कराडला जा. कराडची हुकली? टोकियोला जा! हजेरी तीच. शाळेत ही सोय असती तर?

आता सक्ती सैल झालीय. २०१६ मध्ये रोटरीच्या कौन्सिलने क्लबांना मोकळीक दिली. दर आठवड्याला जमायलाच हवं असं नाही, महिन्यातून दोनदा जमलात तरी चालेल. तरीही कित्येक क्लबांनी ‘आपला वार’ सोडलेला नाही. सवय हो, सवय!

आणि हे माहीत आहे का? सातारा आणि सांगली हे सख्खे शेजारी, दोन्ही कृष्णाकाठचे. पण रोटरीच्या नकाशावर सातारा डिस्ट्रिक्ट ३१३२ मध्ये आणि सांगली ३१७० मध्ये. कृष्णेचं पाणी मात्र डिस्ट्रिक्ट नंबर न विचारता खाली जातं. पुढे याच पाण्याची गोष्ट येणार आहे, लक्षात ठेवा.

अजेंडा नंबर २: काढा पाकीट!

लायन्स क्लबमध्ये एक अधिकृत पद आहे ‘टेल ट्विस्टर’. म्हणजे शेपूट पिळणारा! काम काय? मीटिंगमध्ये धमाल उडवायची आणि फुटकळ कारणांवरून सदस्यांना दंड ठोकायचा. बिल्ला लावला नाही? दंड. वाढदिवस लपवला? दंड. पेपरात फोटो आला? डबल आनंद, म्हणून दंड!

आता खरी गंमत. लायन्सच्या नियमावलीप्रमाणे एका मीटिंगमध्ये एकाच सदस्याला दोनपेक्षा जास्त वेळा दंड करता येत नाही. आणि खुद्द टेल ट्विस्टरला दंड करायचा तर? हजर असलेल्या सगळ्यांचं एकमत लागतं. सगळ्यांचं! आपल्याकडे पोह्यात शेंगदाणे हवेत की नकोत यावर एकमत होत नाही, तिथे दंडावर काय होणार? म्हणजे पद एकदम सेफ.

याच क्लबात ‘लायन टेमर’ नावाचंही पद आहे. झेंडे, घंटा, हातोडी हे सामान सांभाळायचं काम त्याचं. सर्कसवाल्याचं नाव आणि स्टोअरकीपरचं काम!

आणि ‘लायन्स’ या नावाची फोड माहीत आहे का? लिबर्टी, इंटेलिजन्स, अवर नेशन्स सेफ्टी. नावातच सेफ्टी! १९१७ मध्ये सुरू झालेली ही संघटना भारतात १९५६ मध्ये मुंबईत आली.

सेफ्टी नुसती नावात नाही बरं का. अंध माणसाच्या हातातली पांढरी काठी बघितलीत ना? तिच्या प्रसारात लायन्सवाल्यांचा मोठा वाटा. अमेरिकेतल्या पिओरिया गावात १९३० मध्ये एका लायनने पाहिलं की काळी काठी घेऊन रस्ता ओलांडणारा अंध माणूस गाडीवाल्यांना दिसतच नाही. उपाय काय काढला? काठीला पांढरा रंग, त्यावर लाल पट्टा. खर्च एका ब्रशचा, फायदा अख्ख्या जगाचा.

पहिलं समाजकार्य? ओळखा पाहू!

हॉस्पिटल? चूक. शाळा? चूक. शिकागोच्या रोटरीने हाती घेतलेलं पहिलं मोठं सार्वजनिक काम म्हणजे स्वच्छतागृह! हो, भर शहरातलं पब्लिक टॉयलेट.

आणि त्याला विरोध कुणी केला असेल? बिअरवाल्यांनी आणि मोठ्या दुकानदारांनी! बिअरवाले म्हणाले, ‘पुरुषांसाठी आमचे बार आहेत की.’ दुकानदार म्हणाले, ‘बायकांसाठी आमची दुकानं आहेत की.’ अडचण एकच, आत शिरायचं तर एकाकडे पेला घ्या, नाहीतर दुसऱ्याकडे खरेदी करा. रोटरीवाले हटले नाहीत, टॉयलेट झालंच. आपल्या एसटी स्टँडवर उभं राहून ज्यांनी ही अडचण सोसलीय, त्यांनी इथे एक कडक टाळी वाजवावी.

बिल्ल्यावर फुली

कॅलिफोर्नियातल्या दुआर्ते गावच्या रोटरी क्लबने १९७७ मध्ये तीन महिलांना सदस्य करून घेतलं. नियमात बायका बसत नव्हत्या. वरून आदेश आला आणि १९७८ मध्ये क्लबच बाद! क्लबवाल्यांनी काय केलं, माहीत आहे का? स्वतःचं नाव ठेवलं ‘एक्स-रोटरी क्लब’ आणि बिल्ल्यावरच्या चाकावर मारली फुली. मीटिंगा चालूच.

प्रकरण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९८७ मध्ये क्लब जिंकला. १९८९ मध्ये रोटरीने जगभर महिलांना दार उघडलं. २०२२ मध्ये जेनिफर जोन्स रोटरीच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. फुलीचं झालं फूल!

तोवर बायका काय गप्प बसल्या होत्या? छे! रोटरीवाल्यांच्या पत्नींनी इंग्लंडच्या मँचेस्टरमध्ये ‘इनर व्हील’ काढलं. १९२३ मधली त्यांची पहिली जमवाजमव कुठे झाली, माहीत आहे का? टर्किश बाथमध्ये! गरमागरम चर्चा म्हणतात ती हीच.

दोन थेंब, एक टाळी

आता जरा सिरियस. आपल्या दंडातून आणि देणगीतून काय होतं, असं वाटतंय? रोटरीने १९८५ मध्ये पोलिओविरुद्ध ‘पोलिओप्लस’ मोहीम उघडली. सरकार, आरोग्य सेविका, अंगणवाडी ताई, स्वयंसेवक असे सगळे भिडले. भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आपला विभाग पोलिओमुक्त जाहीर केला. बूथवरच्या त्या डब्यातले ‘दो बूंद’ आणि बोटावरची शाई आठवली? तुमच्याही बोटावर लागली असेल.

अजेंडा नंबर ३: पाहुण्यांचा परिचय

शाल, श्रीफळ आणि… पाहुण्याला खांदेच नाहीत! चालेल, नारळ बाजूला ठेवू. नाव ड्रोन. पंख चार. मुक्काम पेटीत. खाणं बॅटरी, तीही साधारण अर्धा तास पुरणारी. आपल्याकडच्या काही वक्त्यांना अशीच बॅटरी बसवायला हवी!

माहीत आहे का, ड्रोनचे चारही पंख एका दिशेने फिरत नाहीत? दोन घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतात, दोन उलटे. चारही एकाच दिशेने फिरले तर ड्रोन स्वतःभोवतीच गरागरा फिरत बसेल. क्लबच्या कार्यकारिणीतही दोघं एका बाजूचे, दोघं दुसऱ्या बाजूचे असतात आणि म्हणूनच क्लब हवेत स्थिर राहतो!

आता उड्डाण जवळून बघू. ऑपरेटर पेटी उघडतो. घडी घातलेली चकती झटकून जमिनीवर पसरतो, म्हणजे धूळ आणि खडी पंखात जायला नको. पंख उघडतो, प्रत्येकावरून बोट फिरवतो, कुठे चीर नाही ना? बॅटरी ‘खट्’ आवाज करून बसते. रिमोटच्या स्क्रीनवर उपग्रहांचा आकडा वाढायला लागतो, सहा, नऊ, बारा… तोवर थांबायचं. घाई केली तर ड्रोनला आपलं ‘घर’ कुठलं तेच कळत नाही. ‘होम पॉइंट’ नोंदला गेला की मगच भुर्रर्र! वर गेल्यावर सिग्नल तुटला तर गडी आपोआप निघालेल्या जागी परत येतो. रात्री उशिरा घरी येणाऱ्या पोरांनी हा गुण घ्यावा.

फिल्मी एंट्री

‘थ्री इडियट्स’मधला तो हॉस्टेलच्या खिडकीशी घिरट्या घालणारा ड्रोन आठवतो? २००९ चा पिक्चर. तो ड्रोन खराखुरा उडणारा होता आणि बनवला होता आयआयटी मुंबईच्या पोरांनी काढलेल्या ‘आयडियाफोर्ज’ या कंपनीने. कंपनी आपल्या नवी मुंबईची! पुढे याच कंपनीने डीआरडीओसोबत ‘नेत्र’ ड्रोन बनवला आणि २०१३ मध्ये उत्तराखंडच्या महाप्रलयात तो अडकलेल्या माणसांच्या शोधासाठी उडाला. रील लाइफमधून थेट रिअल लाइफ. ऑल इज वेल!

गाव मोजला ड्रोनने, पहिला मान पुरंदरला

गावठाणातल्या घरांची ड्रोनने मोजणी करून मालकांना सनद द्यायची, ही ‘स्वामित्व’ योजना देशभर गाजली. सुरुवात २४ एप्रिल २०२०. पण त्याआधी ड्रोनने गावठाण मोजायचा प्रयोग कुठे झाला, माहीत आहे का? पुणे जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात! ज्या भिंतीवरून दोन पिढ्या भांडल्या, ती वरून एका फोटोत बसली.

आणि पालघर? २०२१ च्या डिसेंबरमध्ये जव्हारहून झाप या दुर्गम गावात लशी पोचल्या, त्याही हवेतून. वीसेक किलोमीटरची डोंगरवाट, ड्रोनने दहा मिनिटांच्या आत कापली. रस्त्यावरचे खड्डे बघायला तो खाली उतरलाच नाही!

कोकण किनाऱ्यावर तर २०२५ च्या जानेवारीपासून बेकायदा मासेमारीवर ड्रोनचा डोळा आहे. वर ड्रोन, खाली म्हाकूल.

एका दिवसात लंडन!

तयार आहात? २२ जुलै २०२१ च्या सुमारास महाबळेश्वरात २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस कोसळला. लंडनला वर्षभरात किती पडतो? साधारण सहाशे. लंडनचं अख्खं वर्ष आपल्याकडे एका दिवसात उरकलं!

पण हसू इथेच थांबतं. त्याच पावसात केळघर घाटाचा रस्ता वाहून गेला, पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडींनी घरं गिळली. अशा वेळी ड्रोन काय करू शकतो? पाऊस उघडल्याबरोबर वर जाऊन सांगू शकतो की रस्ता कुठे तुटलाय, पलीकडच्या वाडीत हालचाल आहे का, आणखी दरड सुटायच्या बेतात आहे का. जेसीबी कुठून घालायचा हे ठरवायला ती दहा मिनिटं लाखमोलाची.

आता ड्रोनचं एक गुपित. त्याला पावसाचं वावडं आहे! धो-धो सरीत आणि सोसाट्याच्या वाऱ्यात साधा ड्रोन उडवायचा नसतो आणि दाट धुक्यात त्याला आपल्याइतकंच दिसतं, म्हणजे काहीच नाही. जुलैतल्या मेढ्यात पाहुण्यालाच आधी छत्री धरावी लागेल.

पाण्याची गोष्ट, वचन दिल्याप्रमाणे

मेढ्याजवळून वाहणारी वेण्णा कण्हेर धरणातून पुढे जाते, साताऱ्याजवळ संगम माहुलीला कृष्णेला मिळते आणि कृष्णा जाते सांगलीला. तिथे पाणी मोजतात आयर्विन पुलाजवळ. हा पूल १९२९ चा, नाव व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विनचं. इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी किती चढलं, माहीत आहे का? ५७ फुटांच्या वर! त्या दिवसांतली वरून टिपलेली सांगली आठवा. नुसती छपरं आणि मध्ये तपकिरी पाणी. गल्लीत उभ्या माणसाला पुढच्या चौकात काय आहे ते दिसत नाही. वरून मात्र कुठल्या गच्चीवर माणसं आहेत ते स्पष्ट दिसतं. पुरातला ड्रोन फोटोसाठी नसतो, पत्त्यासाठी असतो.

गर्दीचं गणित

एका चौरस मीटरमध्ये, म्हणजे साधारण एका छोट्या टेबलाएवढ्या जागेत, किती माणसं उभी राहिली की धोका सुरू होतो? पाच-सहा! त्यापुढे माणूस स्वतःच्या मर्जीने हलत नाही, गर्दी त्याला हलवते. आत उभ्या असलेल्याला हे कळायला उशीर होतो, वरून आधी दिसतं.

सातारा जिल्ह्याला हा धडा फार महाग पडलाय. २५ जानेवारी २००५, मांढरदेवीची यात्रा. चेंगराचेंगरीत अडीचशेहून जास्त भाविक गेले. त्या आठवणीपुढे विनोद नको. एवढंच सांगू की यात्रेत डोक्यावरून घरघरणारा पोलिसांचा ड्रोन दिसला तर हात हलवून सेल्फी मागू नका. त्याला त्याचं काम करू द्या.

आणि आनंदाची गर्दी? माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते, लोणंद करते आणि चांदोबाचा लिंब इथे पहिलं उभं रिंगण होतं. ते रिंगण ड्रोनने वरून दाखवलं आणि अख्ख्या महाराष्ट्राच्या स्टेटसला लागलं. खाली पायांची धूळ, वर पंखांचं वारं. माउली, माउली!

बिबट्या, ऊस आणि लपाछपी

ड्रोनवरचा थर्मल कॅमेरा उष्णता बघतो. रात्रीच्या गार रानात अंगाने गरम असलेला बिबट्या स्क्रीनवर पांढरा ठिपका होऊन चमकतो. जुन्नर भागात वनखातं असे ड्रोन वापरतं. मग कराडच्या उसात लपलेला बिबट्या चुटकीसरशी सापडेल? नाही हो! घनदाट उसाची पानं उष्णता अडवतात. बिबट्याला तंत्रज्ञान कळत नसेल, ऊस मात्र बरोबर कळतो.

उसावर औषध फवारणारे ड्रोन वेगळे. ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत देशभरातल्या १५ हजार बचत गटांना ड्रोन द्यायचं ठरलं. पूर्वी ताईच्या पाठीवर पंप असायचा, आता हातात रिमोट!

जगाची चक्कर, तीन मिनिटांत

स्टॉप एक, ऑस्ट्रेलिया. जानेवारी २०१८ मध्ये लेनॉक्स हेडच्या समुद्रात दोन पोरं लाटांत अडकली. जीवरक्षकाने ड्रोन धाडला, त्याने वरून फुगणारा तराफा टाकला. वेळ किती लागला? ७० सेकंद! गंमत म्हणजे जीवरक्षक त्याच दिवशी ड्रोन शिकत होते.

स्टॉप दोन, स्वीडन. डिसेंबर २०२१. दारातला बर्फ उपसताना एका ७१ वर्षांच्या गृहस्थांचं हृदय बंद पडलं. हृदयाला शॉक देणारं यंत्र घेऊन ड्रोन तीन मिनिटांच्या आसपास हजर! वाटेने जाणाऱ्या एका डॉक्टरने ते वापरलं आणि जीव वाचला.

स्टॉप तीन, रवांडा. २०१६ पासून तिथे ड्रोन हॉस्पिटलांना रक्ताच्या पिशव्या पोचवतात. अंगणात छोटंसं पॅराशूट उतरतं आणि डिलिव्हरी डन. ओटीपी नाही, ‘भैया, कुठे आलात?’ नाही!

स्टॉप चार, नेदरलँड्स. नकोसे ड्रोन पकडायला तिथल्या पोलिसांनी चक्क गरुड पाळले. २०१६ मध्ये गाजावाजा झाला, २०१७ संपता संपता योजना गुंडाळली. कारण? खर्च फार आणि गरुड सांगितलेलं ऐकतीलच याची खात्री नाही. ड्रोनला रिमोट असतो, गरुडाला मूड असतो!

अजेंडा नंबर ४: प्रश्नोत्तरं

मागच्या रांगेतून हात वर. ‘सर, रात्री आमच्या गावावर ड्रोन फिरतात, चोर टेहळणी करतात म्हणे?’

आठवतंय ना? २०२४ च्या पावसाळ्यात पुणे ग्रामीण, नगर, बीड, जालना या भागांत रात्रीच्या ड्रोनची अशी दहशत पसरली की गावंच्या गावं काठ्या घेऊन जागली. अफवांवर विश्वास ठेवू नका, असं पोलिसांना पुन्हा पुन्हा सांगावं लागलं.

मग आकाशात दिसतं ते काय असतं? कधी खरा ड्रोन, कधी लांबून जाणारं विमान. विमानाच्या डाव्या पंखावर लाल दिवा आणि उजव्यावर हिरवा असतो, माहीत आहे का? कधी एका रांगेत सरकणारे स्टारलिंकचे उपग्रह, जणू आकाशातली आगगाडी. घरघर ऐकू येत नसेल आणि ठिपका शांतपणे सरळ रेषेत चालला असेल तर काठी खाली ठेवा, चहा टाका.

दुसरा हात. ‘थर्मल कॅमेऱ्यातून घरातलं दिसतं?’ नाही! तो भिंतीपलीकडे बघत नाही, छपरापलीकडे बघत नाही आणि साध्या खिडकीच्या काचेपलीकडेही बघत नाही. काच त्याला भिंतीसारखीच वाटते.

तिसरा हात. ‘पोराच्या लग्नात ड्रोन उडवायचाय, नियम काय?’ आता वह्या काढा. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा ‘नॅनो’, त्यापुढे दोन किलोपर्यंत ‘मायक्रो’. नॅनोला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. मायक्रोलाही लागत नाही, पण धंद्यासाठी उडवत नसाल तरच. म्हणजे पैसे घेऊन शूटिंग करणाऱ्याचा ड्रोन मायक्रो असेल तर त्याच्याकडे प्रमाणपत्र बघा. ते मिळवायला वय १८ ते ६५, दहावी पास आणि प्रशिक्षण हवं. ग्रीन झोनमध्ये उंचीची मर्यादा ४०० फूट. रेड झोनमध्ये केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय नाव काढायचं नाही. आणि जिल्ह्याचे एसपी एखाद्या भागाला ९६ तासांपर्यंत तात्पुरता रेड झोन करू शकतात. नियम मोडला तर दंड एक लाखापर्यंत. टेल ट्विस्टरचे दहा रुपये इथे चालत नाहीत!

ड्रोनला न जमणारी गोष्ट

२८ जुलै २०१८. आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस शेकडो फूट दरीत कोसळली. दरीत दोर सोडून कोण उतरलं? महाबळेश्वरचे ट्रेकर्स आणि आसपासची तरुण पोरं. ऑगस्ट २०२४ मध्ये सज्जनगड-ठोसेघर पट्ट्यात बोरणे घाटात सेल्फी काढताना एक तरुणी खाली गेली, तिला दोराने वर आणणारा होता एक होमगार्ड. ड्रोन ‘इथे आहे’ एवढं सांगतो. कंबरेला दोर बांधून खाली जाणारा माणूस लागतोच.

आणि माणसं गोळा कशी करायची? त्यावरही आपल्याकडे भारी जुगाड आहे. ‘ग्राम सुरक्षा यंत्रणा’ माहीत आहे का? सातारा, पुणे, नगर, नाशिक भागांत हजारो गावकरी यात नोंदवलेले आहेत. एका टोल-फ्री नंबरवर फोन करायचा, ‘अमक्या वस्तीवर आग लागलीय, या’ असं बोलायचं, आणि तोच आवाज त्या परिसरातल्या नोंदवलेल्या सगळ्या फोनवर वाजतो. ना ॲप, ना स्मार्टफोन, साध्या बटणाच्या मोबाईलवरही चालतं. ड्रोनला दिसलं, यंत्रणेने सांगितलं, माणूस धावला. हे तिन्ही जुळलं तरच सेफ्टी, नाहीतर नुसती आकाशातली घरघर.

अजेंडा नंबर ५: आभारप्रदर्शन आणि एक टेस्ट

रोटरीच्या चाकाला दात किती? २४. रोटरीची प्रसिद्ध ‘फोर-वे टेस्ट’ इंग्रजीत किती शब्दांची? तीही २४! ती लिहिली हर्बर्ट टेलर यांनी, १९३२ मध्ये, दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर असलेली भांड्यांची कंपनी सावरताना. बोलण्या-वागण्यात चार प्रश्न विचारायचे, बस्स.

ड्रोनलाही पंख चार. मग त्याचीही फोर-वे टेस्ट हवी की! एक, हा झोन कुठला, सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर बघितलं? दोन, पंख, बॅटरी आणि हवामान ठीक आहे? तीन, खाली कुणाचं अंगण, कुणाची न्हाणी, कुणाची परवानगी? चार, यातून कुणाचं भलं होणार, की नुसतं रील होणार? चारही उत्तरं बरोबर आली तरच बटण दाबा.

आता क्लबवाल्या मंडळींना आमची एक विनंती. मीटिंगला पाहुणा सापडत नाही ही तुमची दर आठवड्याची रड असते ना? मग तोच तो ‘ताणतणाव व्यवस्थापन’चा वक्ता सोडा. पावसाळ्याआधी एकदा आपल्या पोलीस ठाण्याला, वनखात्याला, ट्रेकर्सच्या टीमला आणि गावातल्या ड्रोन दीदीला एका टेबलावर बसवा. कुणाकडे थर्मल कॅमेरा आहे, कुणाकडे दोर, कुणाकडे ट्रॅक्टर, याची यादी त्याच बैठकीत करा आणि प्रत्येकाचा फोन नंबर भिंतीवर लावा.

आणि वाचकहो, तुमचं काम त्याहून सोपं. आज रात्री जेवण झालं की घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये ११२ सेव्ह करा आणि आपल्या गावाची नोंद ग्राम सुरक्षा यंत्रणेत आहे का, ते पोलीस पाटलांना विचारा. नसेल तर उद्याच करून घ्या. विसरलात तर दंड दहा रुपये, मीटिंगमध्ये जमा करा!